हसऱ्या फोटोला हार

१९९८ सालची धुळवड १३ मार्चला, शुक्रवारी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या आमच्या गल्लीत भिंतींवरचे रंग अजून पुसले गेले नव्हते. माझे तेव्हा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, घराच्याच पुढच्या खोलीत. शटर वर करून मी सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली आणि थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडले, "अरे, दादा गेले!"

आमच्या घरात वडिलांना दादा म्हणत. मराठवाड्यात अशी घरे पुष्कळ आहेत. आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती, तिच्या हातातले सूप निसटले. वडील न्हाणीत होते. ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "कोण गेलं म्हणायलेत?" त्यांना धडधाकट पाहून आई आधी रडली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. गेलेले दादा म्हणजे दादा कोंडके, हे कळायला आणखी पाच मिनिटे गेली. मुंबईत, दादरला, पहाटे हृदयविकाराचा झटका आला. वय पासष्ट.

वडील तसेच ओल्या अंगाने ओसरीवर बसले. ते उस्मानशाही मिलमध्ये आयुष्य घालवलेले कामगार, बोलणे कमी, हसणे त्याहून कमी. सख्खा भाऊ वारला तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले नव्हते. त्या दिवशीही ते रडले नाहीत, पण दुपारी ताटावर बसले नाहीत. आईने दोनदा हाक मारली. "भूक नाही," एवढेच म्हणाले.

ज्या माणसाला आपण एकदाही भेटलो नाही, ज्याने आपल्याला केवळ हसवले, त्याच्यासाठी मिलमधल्या एका कामगाराने एक वेळचे जेवण का सोडावे? हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि तो अजून सुटलेला नाही. पण गेल्या वीस वर्षांत मी तो पुष्कळांना विचारला आहे. मी विद्यापीठातला माणूस नाही. शिक्षण आयटीआयचे, वाचन जमेल तसे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले तंबू टॉकीजवाले, मशीन चालवणारे ऑपरेटर, बोर्ड रंगवणारे पेंटर, जाहिरातीच्या रिक्षात बसून बोंबलणारे निवेदक यांच्याकडे जाऊन मी वह्या भरल्या. त्यांतले बरेच जण आता नाहीत. त्यांची नावे मी देणार नाही, कारण सांगताना त्यांनी घरच्या गोष्टीही सांगितल्या.

पहिली गोष्ट त्याच दिवशीची. दुपारी शेजारचा फोटो स्टुडिओवाला दुकानात आला. चौकात श्रद्धांजली ठेवायची होती आणि हार घालायला फोटो पाहिजे होता. "मिस्त्री, तुझ्याकडं व्हिडिओ कॅसेटचे खोके असतात. दादाचा एखादा नीट फोटो निघतो का बघ." आम्ही दोघांनी सगळी खोकी उपसली. कुठे दादा डोळे मिचकावतायत, कुठे जीभ दाताखाली धरलेली, कुठे गंजीफ्रॉक, गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि लोंबणारी नाडी. हार घालण्याजोगा, म्हणजे आपण घराघरांत मेलेल्या माणसाचा लावतो तसा गंभीर, समोर बघणारा फोटो एकही नव्हता. शेवटी स्टुडिओवाल्याने एका जुन्या पोस्टरमधले दादा छातीपर्यंत कापून घेतले आणि नाडीसकट खालचा भाग माझ्या बाकावर टाकून गेला. चौकात खुर्चीवर तो फोटो ठेवला, झेंडूचा हार घातला, उदबत्त्या लावल्या. फोटोतला माणूस हसतच होता.

मग दोन मिनिटे शांतता. ती कशीबशी दीड मिनिट टिकली. मागून एकाने दादांच्या बोलण्याची लकब काढून "आये" अशी हाक मारली आणि सगळा चौक फिसकन् हसला. हसलो म्हणून सगळे ओशाळले. आणि ओशाळलेले चेहरे पाहून पुन्हा हसले. अध्यक्ष म्हणून बोलावलेले वकीलसाहेब चिडून निघून गेले. मला तेव्हा वाटले होते की आपण फार मोठा अपमान केला. आता तसे वाटत नाही. आपल्याकडे पिकल्या पानाची अंत्ययात्रा वाजतगाजत नेतात. गवळणीतली मावशी खुद्द कृष्णाची टर उडवते आणि श्रोते तिला पापी म्हणत नाहीत. शिमग्यात तर शिवीलाही मोकळीक असते. आमच्याकडच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गातात, तीत टोमणा आणि आठवण एकाच सुरात येतात. ज्याने जन्मभर शिमगा केला तो माणूस धुळवडीच्या दुसऱ्या पहाटे गेला. त्याला दीड मिनिटाची शांतता पुष्कळ झाली.

तरुण वाचकांसाठी दादांची ओळख करून द्यावी लागेल. कृष्णा कोंडके, जन्म १९३२, मुंबईच्या नायगावातली गिरणगावची चाळ, घर गिरणी कामगाराचे, मूळ गाव भोरजवळचे इंगवली. तरुणपणी बँड पथक, अपना बाजारमधली नोकरी, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने नाव झाले. त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. आशा भोसले यांनी ते पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला असे सांगतात, आणि १९६९ च्या 'तांबडी माती'त दादा पडद्यावर आले. १९७१ मध्ये स्वतः निर्माते होऊन 'सोंगाड्या' काढला. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी 'सोंगाड्या'ला जागा नाकारली गेली आणि बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे. 'पांडू हवालदार'पासून, म्हणजे १९७५ पासून, दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतले. लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. एवढे पुरे. बाकी सगळे कुणालाही विचारा.

मला कोडे आहे ते मराठवाड्याचे. दादांची भाषा आमची नव्हे. ती भोर-पुण्याकडची. ते आईला "आये" म्हणत, आम्ही "माय" म्हणतो. त्यांचे गाव, त्यांचा पाटील, त्यांचे डोंगर आमच्याकडचे नाहीत. तरी नांदेडच्या मिलमधले, लातूरच्या आडत दुकानांतले हमाल त्यांना आपला माणूस का समजत? एक कारण सरळ आहे: लातूरहून मुंबईला गेलेल्या सिनेमावाल्यांची नावे आज घेता येतात, रितेश देशमुख बाभळगावचे आहेत हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, पण सत्तरच्या दशकात आमच्या बोलीत बोलणारा नायक पडद्यावर नव्हताच. मग त्यातल्या त्यात जवळचा तो घेतला.

दुसरे कारण माझे अनुमान आहे, पुरावा म्हणून मांडत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने निजामाची राजवट पाहिली होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मोडले तेव्हा वडील दहा-बारा वर्षांचे होते. त्यांच्या लहानपणीचा शिपाई उर्दूत बोलणारा, दारात आला की बाया घरात पळाव्यात असा. पुढे राज्य बदलले, गणवेश बदलला, दारातला धाक बराचसा तसाच राहिला. 'पांडू हवालदार' लागला तेव्हा या लोकांनी पहिल्यांदा खाकीतल्या माणसाला मोठ्याने हसून पाहिले, आणि शेजारी शेकडो लोक हसत असल्यामुळे ते सुरक्षित होते. पोलिसाला "पांडू" म्हणण्याची रीत त्यानंतरच पडली. पोलिसांना ती बोचते, आणि तेही चूक नाही. मुखेडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितले, "पिच्चर पाहून आल्यावर आठ दिस पोलीस दिसला की मला हसू यायचं. मग पुन्हा भ्याव वाटायलं." आठ दिवस तरी भीती गेली होती.

हे पाहिले कुठे, तर बहुतेकांनी तंबूत. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, लातुरात महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, आणि मधल्या काळात बाजाराच्या गावी. तंबूवाला ट्रकमधून मशीन, कनात, जनरेटर घेऊन येई. खाली माती, मधे दोर किंवा कापडी आडोसा, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. एका ऑपरेटरने सांगितले की नव्या चित्रपटाची प्रिंट यात्रेच्या पहिल्या दोन दिवसांत चाले आणि मग लोक येऊन म्हणत, "मालक, दादाचा लावा." प्रिंट इतकी चालून झालेली असे की हशा पिकवणाऱ्या जागीच ती तुटायची आणि जोडताना दोन-चार फ्रेम कमी व्हायच्या. लोक तेवढा तुकडा स्वतः बोलून पुरा करत. मला हे खरे वाटले नव्हते, म्हणून आणखी दोघा ऑपरेटरांना विचारले. दोघांनीही तेच सांगितले.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली एक निबंध लिहिला. रेडिओ-टीव्हीवरून थेट आपल्याशी बोलल्यासारखे करणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचे एक नाते जुळते, त्यात ओळख एकाच बाजूने असते, तरी ती खऱ्या ओळखीसारखी वाढत जाते, असे त्यांचे म्हणणे. चाहत्यांच्या दुःखाबद्दल लिहिणारे आजही या निबंधापासून सुरुवात करतात. तो वाचला तेव्हा मला माझ्या वडिलांचे उत्तर सापडले असे वाटले होते. नंतर लक्षात आले की त्यातला प्रेक्षक आपल्या दिवाणखान्यात एकटा बसलेला आहे. आमचा प्रेक्षक तंबूत मांडीला मांडी लावून बसला होता. तो दादांशी जेवढा बांधलेला होता तेवढाच शेजारच्याशी. वडिलांनी 'सोंगाड्या' मिलमधल्या त्यांच्या खात्याच्या पाच जणांबरोबर पाहिला होता. १९९८ पर्यंत त्यांतले तिघे वारले होते, चौथा मुलाकडे पुण्याला गेला होता. तंबूही केबल टीव्हीने मोडीत काढले होते. माझ्यासारख्या व्हिडिओ कॅसेट दुरुस्त करणाऱ्यांचाही त्यात हात होता, हे कबूल करतो. दादा गेले म्हणजे त्या पाचांची एकत्र बसण्याची जागा गेली.

हे मला लातुरातल्या एका निवेदकाने जास्त नेमके सांगितले. तो गंजगोलाईभोवती रिक्षा फिरवून सिनेमाची जाहिरात करी. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, म्हणून एक फेरी मारली की सोळा दिशांना आवाज जातो, हा त्याचा हिशेब. हा गृहस्थ पक्का काँग्रेसचा. दादा शिवसेनेच्या प्रचाराला गावोगाव फिरत आणि त्याच्या पक्षाची सालटी काढत. हा ती सभा ऐकायला जाई, मागे उभा राहून हसे आणि मत काँग्रेसलाच देई. १४ मार्च १९९८ लाच दिल्लीत सीताराम केसरींना बाजूला करून सोनिया गांधी पक्षाध्यक्ष झाल्या. लातुरात त्याच्या पक्षाच्या लोकांनी फटाके आणले. तो म्हणाला, "मला म्हणायले, चल. मी म्हणलो, आज माझ्या घरात सुतक हाय. कुणाचं म्हणून विचारलं तर सांगायची लाज वाटली." मग तो एकटाच रिक्षा घेऊन गोलाईला एक फेरी मारून आला. भोंगा बंद ठेवून.

लाज वाटली, हा शब्द माझ्या वह्यांत पुष्कळ वेळा आला आहे. नट-नायक गेला तर रडायला परवानगी असते. देगलूर, उदगीर भागातल्या लोकांना शेजारच्या राज्यांतले शोक ठाऊक आहेत. १९९६ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव गेले, २००६ च्या एप्रिलमध्ये राजकुमार गेले तेव्हा बेंगळुरूत दंगल झाली आणि माणसे दगावली. तिथे पडद्यावरचा देव गेला होता. आमच्याकडे पडद्यावरचा वेडा गेला होता, आणि वेड्यासाठी रडणारा स्वतःही थोडा वेडा ठरतो. त्यातून दादांच्या नावाला अश्लीलतेचा डाग. सेन्सॉरशी त्यांचे खटके, दुहेरी अर्थाची नावे, शहरी समीक्षकांची नाके मुरडणे. मी स्वतः त्या आठवड्यात एका दैनिकाला दोन पानी मजकूर दिला होता. "असल्या माणसावर एवढं नको," म्हणून तो परत आला. शाईने केलेल्या दुरुस्त्या मात्र पहिल्या पानभर होत्या, म्हणजे वाचला होता.

पण तो डाग केवळ शहाण्यांनी लावला असेही मी म्हणणार नाही. लातूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला चांगलेच सुनावले. "तुम्ही गडी दोराच्या त्या बाजूला हसायचात. आम्ही माना खाली घालून बसायचो. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर पोरं आम्हाला सिनेमाचं नाव ऐकवायची. नुसतं नाव. तक्रार करावी तर म्हणायची, आम्ही पिच्चरचं नाव घेतलं." माझी आईही 'सोंगाड्या'बद्दल भरभरून बोले, पण ऐंशीनंतरच्या चित्रपटांना ती गेली नाही. माझ्या मते आईचा निवाडा बरोबर होता. 'सोंगाड्या'तल्या नाम्याचे भोळेपण हे खरे भोळेपण आहे. नंतर नंतर ते नुसते पांघरूण राहिले. तरी त्याच शिक्षिकेने निघताना मला थांबवले आणि म्हणाल्या, "रत्नमाला आई व्हायची ना त्यांची, ते मायलेकाचं बघून मात्र मी प्रत्येक वेळी रडलेय. ते तुमच्या लेखात घाला." घातले.

आता किंमतीकडे येतो. प्रसिद्धीची किंमत म्हटले की आपण दारू, कर्ज, आजारपण अशी यादी काढतो. दादांच्या बाबतीत मला यंत्राची किंमत जास्त दिसते. कथा, निर्मिती, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, गाणी, सगळे एकाच माणसाच्या अंगावर. सत्तरच्या दशकात सरकारने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परत देण्याची योजना आणली. ती चांगलीच होती, पण पैसा मिळे तो पुढचा मराठी चित्रपट काढणाऱ्याला. म्हणजे यश आले की थांबायची सोय नाही; पुढचा काढा. तंबूवाल्यांनाही यात्रेच्या आत नवा पाहिजे. प्रेक्षकांना नवा पाहिजे, पण जुन्यासारखाच पाहिजे. नाडी लोंबलीच पाहिजे. साठीच्या माणसाने भोळ्या पोराचे काम करत राहिले पाहिजे. शेवटच्या काळातले चित्रपट पाहताना मला हसण्याऐवजी थकवा दिसतो, पडद्यावरचा. ते थकले होते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना थांबू न देणाऱ्यांत आम्ही तिकीट काढणारेही होतो.

त्यांच्या घराबद्दल फार लिहायचे नाही. तरुणपणी थोड्या काळात घरातली बरीच माणसे गेली, संसार टिकला नाही, आणि अनिता पाध्ये यांच्याकडे त्यांनी जे आत्मकथन सांगितले त्याचे नाव 'एकटा जीव' असे आहे. १९७२ च्या त्यांच्याच चित्रपटाच्या नावातले हे पहिले दोन शब्द. तिसरा शब्द, सदाशिव, गळून गेला. माझ्या ओळखीच्या एका न्हाव्याने दुकानात हे पुस्तक ठेवले होते. गिऱ्हाईक थांबलेले असताना चाळे आणि म्हणे, "यात इनोदच नाही की हो." मागे मालमत्तेचे वाद कोर्टात गेले. चार्ली चॅप्लिन १९७७ च्या नाताळात गेला आणि दोन महिन्यांनी चोरांनी त्याची शवपेटीच पळवून खंडणी मागितली होती. हसवणाऱ्याला मेल्यावरही लोक सोडत नाहीत.

विनोदी माणसे आतून दुःखी असतात, या ठरीव वाक्यावर माझा विश्वास नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली पाचशेहून अधिक विनोदी कलाकारांना प्रश्नावली देऊन त्यांच्या स्वभावाचा अभ्यास झाला आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. मी पाहिलेले हमाल, गिरणी कामगार, शेतमजूर हेही आतून दुःखी होते. त्यांना कुणी प्रश्नावली दिली नाही. फरक एवढाच की विनोदी माणसाच्या दुःखाला बाहेर यायला वाट नसते, कारण लोकांनी ती बुजवलेली असते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात त्यांनी मराठी चित्रपट अक्षरशः खांद्यावर उचलला. १९९२ मध्ये जब्बार पटेलांच्या 'एक होता विदूषक'मध्ये त्यांनी एका तमाशातल्या सोंगाड्याचे काम केले: नाव होते, पैसा येतो, राजकारणी त्याला वापरतात आणि हसवता हसवता तो आतून रिता होतो. लेखन पु. ल. देशपांड्यांचे, गाणी आमच्या मराठवाड्याच्या ना. धों. महानोरांची. याहून जास्त काय पाहिजे? पण लोक हसायला गेले होते. नांदेडच्या एका डोअरकीपरने सांगितले की मध्यंतरात लोक त्याच्याशी भांडले, "लक्ष्याचा म्हणून तिकीट काढलं, हे काय दाखवायलात?" मीही त्या भांडणाऱ्यांत होतो, हे आज लिहिताना बोट जड होते. बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले, मूत्रपिंडाच्या विकाराने, पन्नाशीत. त्यानंतर त्या चित्रपटाची आठवण सगळ्यांना झाली. माझ्याकडेही तीन जण कॅसेट मागायला आले होते.

एक गोष्ट राहिली. ती औसा तालुक्यातल्या एका गृहस्थाने सांगितली आणि मी ती माझ्या वहीत तारीख टाकून उतरवून घेतली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या घरातली दोन माणसे दगडमातीच्या भिंतीखाली गेली. नंतर काही महिने सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एका संध्याकाळी कुणीतरी व्हिडिओ आणि टीव्ही आणला आणि दादांचा चित्रपट लावला. लोक बसले, पण हसेनात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही. मग एक म्हातारी हसली. तिचा नातू गेला होता. ती हसली म्हणजे परवानगी मिळाली आणि सगळे शेड हसले, पत्रे दणाणले. गृहस्थ म्हणाला, "घरी जाऊन मी बायकोला म्हणलो, आपुन हसलोत आज. तर ती रडायला लागली. मग आमी दोघं पहिल्यांदा रडलोत. त्याच्या आधी रडूच येत नव्हतं." दादा वारल्याचे कळले तेव्हा त्याने काय केले, असे मी विचारले. तो म्हणाला, दहाव्याला काकस्पर्श करतात तसा एक घास घराच्या आढ्यावर ठेवला. नव्या घराला आढे नव्हते, सिमेंटचा स्लॅब होता, स्लॅबवर ठेवला.

माझे वडील २००९ साली गेले. पेपरात छापायला फोटो पाहिजे म्हणून आम्ही भावंडांनी ट्रंक उघडली. मिलच्या ओळखपत्राचा फोटो, बहिणीच्या लग्नातला, रेशनकार्डावरचा. सगळ्यांत ते समोर बघत होते, ओठ मिटलेले, नीट. हार घालायला अडचण काहीच आली नाही.

त्याच ट्रंकेत मी माझे कागद ठेवतो. त्यात पोस्टरचा तो कापून उरलेला भाग आहे: ढगळ चड्डी, उघड्या पिंढऱ्या, लोंबणारी नाडी. गेल्या वर्षी कॉलेजातला एक मुलगा प्रकल्पासाठी माझ्याकडे आला. मोबाईलने त्याने सगळ्याचे फोटो काढले आणि हा तुकडा हातात घेऊन विचारले, "काका, हे पाय कुणाचे?" आतून माझी आई, वय पंच्याऐंशी, कानाने अधू, नेमके हेच तिला ऐकू गेले. म्हणाली, "आण इकडं, बघू दे." तिने तुकडा डोळ्यांजवळ धरला, उलटासुलटा केला आणि पदर तोंडाला लावला.